सोलापूरची तळलेली मासळी

सोलापूरचें नांव काढलें म्हणजे मासा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. चादर येते, शेंगांची चटणी येते, कडक भाकरी येते, सिद्धेश्वराचा तलाव आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा येते. समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर. पाऊस बेताचा आणि तोहि लहरी. गांवांतील पुष्कळ घरें पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. असें असूनहि, ज्या घरांत मासळी चालते तेथें चार पाहुणे जमले म्हणजे जेवणाआधीं एक बशी पुढें येते. तींत तळलेल्या चिलापीचे तांबूस, कुरकुरीत तुकडे असतात. शेजारीं कांद्याच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी असतात. आणि ‘ही आमच्याकडची जुनी चीज आहे बरें का’ असें वाढणारीकडून अभिमानानें सांगितलें जातें.

श्रोते हो, यांतला ‘जुनी’ हा शब्द आज आपण थोडा तपासून पाहूं. एका बशींत पांच गोष्टी एकत्र आलेल्या असतात: मासा, त्यावरचें पीठ, त्याला लावलेलें तिखट, कढईंतलें तेल आणि करणाराचा हात. प्रत्येकीला विचारूं कीं, बाई, तूं सोलापुरांत केव्हां आलीस? उत्तरें सरळ नाहींत. जी वस्तु सर्वांत जुनी वाटते ती सर्वांत नवी निघते. आणि जिचा कोणी उल्लेखहि करीत नाहीं ती नऊशें वर्षांची निघते.

प्रथम हाताला विचारूं. सोलापूरहून शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर बसवकल्याण म्हणून गांव आहे. हीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. त्या घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत, इ. स. ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून संगीतापर्यंत राजाला ठाऊक असावें असें सारें कांहीं त्यांत आहे. त्यांतच मासे धरण्याच्या करमणुकीचें वर्णन आहे, आणि अन्नाच्या प्रकरणांत मासा तळण्याची रीतहि आहे. माशाचे तुकडे करून स्वच्छ धुवावे, त्यांना चिंचेच्या कोळाचा संस्कार द्यावा, वर गव्हाचें पीठ भुरभुरावें, तापलेल्या तेलांत तांबूस होईपर्यंत तळावे, आणि मग सैंधव, वेलदोडा व मिरें यांची पूड घालावी, असा तिचा सारांश आहे. आज सोलापुरांतील एखाद्या गृहिणीला ही रीत वाचून दाखविली तर ती म्हणेल, ‘यांत नवें तें काय? तिखट मात्र राहिलें.’

तिखट राहिलें, कारण तें तेव्हां नव्हतेंच. मिरची अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि मग घाट चढून वर आली. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यांत तिखटपणाचें काम मिऱ्यानें भागवीत. शेंगदाणाहि तिकडचाच. ज्या शेंगाचटणीनें सोलापूरचें नांव दूरवर नेलें, ती शेंग या काळ्या जमिनींत शे-दीडशें वर्षांपूर्वीं खऱ्या अर्थानें रुळूं लागली. त्याआधीं इकडचें तेल मुख्यतः करडईचें आणि तिळाचें, लाकडी घाण्याचें. राहिलें पीठ. कित्येक घरांत रवा किंवा तांदळाचें पीठ लावतात. पण सोलापूर ज्वारीचें गांव. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध, आणि मोहोळच्या संशोधन-केंद्रांत निवडलेली ‘माळदांडी ३५-१’ ही जात तर दख्खनभर पेरली जाते. ही ज्वारीहि मूळची आफ्रिकेची. परंतु तिला येथें येऊन हजारों वर्षें झालीं, इतकीं कीं तिला परकी म्हणण्याची कल्पनाहि कोणाच्या मनांत येत नाहीं.

आतां मुख्य पात्राकडे वळूं. मासा सोलापुरांत तीन वाटांनीं आला.

पहिली वाट उन्हाची आणि मिठाची. आगगाडी येण्यापूर्वीं ताजी समुद्र-मासळी इतक्या दूर पोहोंचणें शक्यच नव्हतें. पण सुकी मासळी पोहोंचत असे. घाटांतून मीठ घेऊन देशावर चढणारे आणि धान्य घेऊन कोंकणांत उतरणारे लमाणांचे बैलांचे तांडे ही त्या काळची मालगाडी. कोंकणच्या किनाऱ्यावरून सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा असा माल घाट ओलांडून देशावरच्या बाजारांत येई. बोंबलाची गंमत अशी कीं, त्याला वाळवितांना बहुधा मीठ लागत नाहीं; बांबूच्या उंच चौकटींवर जबड्यांत जबडा अडकवून त्याला उन्हा-वाऱ्यांत टांगतात, आणि पाण्यानें भरलेला तो मऊ मासा कांहीं दिवसांत काडीसारखा होतो. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं घरांत भरून ठेवावयाच्या जिनसांना ‘आगोट’ म्हणतात. सुकी मासळी हें त्या आगोटीचें महत्त्वाचें अंग. जी वस्तु चार महिने टिकते ती शेंकडों किलोमीटर प्रवासहि करते. टिकविण्याच्या कलेनेंच देशाला समुद्राची चव प्रथम दाखविली.

दुसरी वाट लोखंडाची आणि बर्फाची. मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं सुरू झाली. पुण्याकडून येणारा लोहमार्ग १८६० सालीं सोलापूरला पोहोंचला. बोरघाटाचा अवघड चढ १८६३ सालीं खुला झाला, आणि मुंबईची गाडी अखंड सोलापुरांत येऊं लागली. येथें एका लोकप्रिय गोष्टीचा निकाल लावून टाकूं. सुक्या बोंबलाला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत. हा माल ‘बॉम्बे डाक’ म्हणजे टपालगाडीनें जाई व डब्यांना वास सुटे, म्हणून हें नांव पडलें, अशी कथा आवडीनें सांगितली जाते. कथा चटकदार आहे, पण खरी नव्हे. हें नांव आगगाडी सुरू होण्यापूर्वींच्या इंग्रजी लिखाणांत सांपडतें. गाडीनें बोंबलाला नांव दिलें नाहीं. गिऱ्हाईक मात्र दिलें.

आणि गिऱ्हाईक सोलापुरांत तयार होत होतें. १८७७ सालीं येथें पहिली कापड-गिरणी चालूं झाली. तिलाच पुढें लोक ‘जुनी मिल’ म्हणूं लागले. एकामागून एक गिरण्या निघाल्या, आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसें कामाला आलीं. तेलंगणांतून पद्मशाली विणकरांचीं कुटुंबें तर त्यापूर्वींपासून येथें मागावर बसलेलीं होतीं. मृगाच्या आरंभीं मासे खाण्याची रीत तेलंगणांत आहे. तिकडच्या माणसांनीं भरलेल्या गांवांत माशाला मान मिळावा यांत नवल नाहीं. ताजा मासा महाग. परंतु मूठभर सुकट चार माणसांच्या भाकरीला चव आणते. तिची चटणी झाली, कालवण झालें. आणि सणावारीं, पाहुण्यांसाठीं तिच्याच कांदा घालून केलेल्या भज्यांचा घाणा काढतां येई. समुद्र ज्यानें पाहिला नाहीं अशा माणसाच्या तोंडांत समुद्राचा खारटपणा देणारा हा पदार्थ.

तिसरी वाट गोड्या पाण्याची. भीमा आणि सीना या सोलापूरच्या नद्या. त्यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथें शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. म्हणजे या पाण्याच्या कांठीं मराठी भाषा निदान हजार वर्षें नांदत आहे. त्या भाषेनें पाण्यांतल्या जीवांनाहि नांवें दिलीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कर्नल साईक्स नांवाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला. त्यानें येथील मासे पाहिले, कोळ्या-भोयांना त्यांचीं नांवें विचारलीं, आणि १८३९ सालीं त्यांचीं शास्त्रीय वर्णनें प्रसिद्ध करतांना तींच नांवें लॅटिन पेहरावांत कायम ठेविलीं. ‘नुक्ता’, ‘कोळस’, ‘मसळा’, ‘रोहटी’ हे शब्द त्यामुळें जगांतल्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आजहि आहेत. भीमेच्या कांठच्या एखाद्या अनाम भोयानें सहज उच्चारलेला शब्द लंडनच्या शास्त्रज्ञांना स्वीकारावा लागला, ही गोष्ट आपण फारशी कोणाला सांगत नाहीं.

याच नद्या-ओढ्यांवर पुढें बांध पडूं लागले. सोलापूरच्या उत्तरेस एकरूखचा तलाव १८७१ सालीं झाला. लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. आणि शंभर वर्षांनंतर आलें उजनी. भीमेवरचें हें धरण माढा तालुक्यांत १९८० सालीं पुरें झालें. साठवण सुमारें ११७ अब्ज घनफूट; फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पसरलेला. दुष्काळी जिल्ह्याला त्यानें ऊंस दिला, पिण्याचें पाणी दिलें; आणि भीमाकांठचीं अनेक गांवें पाण्याखालीं नेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे आजहि वर येतें. ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांच्यांतील कित्येकांनीं त्याच पाण्यावर होडी घातली आणि जाळें टाकलें. नांगर सुटला, वल्हें हातीं आलें.

त्या जाळ्यांत जो मासा सर्वांत अधिक येऊं लागला, तोच आपला चिलापी. त्याचें इंग्रजी नांव तिलापिया. ‘चिलापी’ हें आपल्या जिभेनें घडविलेलें रूप. मूळ घर आग्नेय आफ्रिका. भारतांत तो १९५२ सालीं सिलोनमार्गें आणला गेला. गरिबाला स्वस्त प्रथिनें मिळावीं हा हेतु. मासा मोठा चिवट. कमी प्राणवायूंत जगतो, गढूळ पाण्यांत वाढतो, कांहीं महिन्यांतच वयांत येतो. मादी अंडीं तोंडांत धरून उबविते आणि पिलें बाहेर पडल्यावरहि संकट दिसतांच त्यांना पुन्हां तोंडांत घेते. अशा आईचीं लेंकरें कमी कशीं होतील? थोड्याच वर्षांत जाणत्यांच्या ध्यानांत आलें कीं हा पाहुणा यजमानाचें अन्न खातो, आणि १९५९ सालीं भारतीय मत्स्य-संशोधन समितीनें त्याचा प्रसार करण्यास मनाई केली. पण पाण्याला मनाई वाचतां येत नाहीं. मासा पसरत राहिला. उजनीचा जलाशय भरला तेव्हां त्याला राज्यच मिळालें. पुणें-सोलापूर रस्त्यावर भिगवणजवळ मासळीच्या खाणावळी उभ्या राहिल्या, तळलेली चिलापी हें त्यांचें भूषण झालें, आणि तेथून ती घरोघरच्या कढईंत आली. म्हणजे जिला आपण जुनी चीज म्हणतों तिच्यांतला मासा या देशांत आला त्याला शतकहि लोटलेलें नाहीं, आणि उजनीचें पाणी तर त्याहूनहि नवें.

मग यांत जुनें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें पाहावयाचें तर पदार्थ करूनच पाहिला पाहिजे. इतिहासाचा हा एक भाग असा आहे कीं, त्याचा पुरावा स्वयंपाकघरांत मिळतो.

सहा-आठ माणसांसाठीं तीन पाव किलो चिलापी घ्यावी. कोळणीकडून खवले काढून, कांटा सोडवून घ्यावी आणि दोन बोटें रुंदीचे तुकडे करावे. मीठ व हळद चोळून दहा मिनिटें ठेवावे व धुऊन टाकावे. नंतर लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ लावून पाव तास ठेवावे. ही पायरी कोणी गाळूं नये. सांठलेल्या पाण्यांतल्या माशाला मातीसारखा एक वास असतो. पाण्यांतील कांहीं सूक्ष्म जीव ‘जिओस्मिन’ नांवाचें द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. पहिल्या पावसानंतर भुईला जो सुगंध सुटतो त्यांतहि हेंच द्रव्य असतें. तेथें तें हवेंहवेंसें वाटतें. बशींत नको होतें. आंबटानें या द्रव्याचें रूप पालटतें व वास मंदावतो. सोमेश्वराच्या आचाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण नदीचा मासा चिंचेंत घालावा हें ठाऊक होतें. सोलापूरच्या आजीलाहि तें ठाऊक आहे. नऊशें वर्षें टिकलेली गोष्ट ती हीच.

चिंच निथळून टाकल्यावर बारा-पंधरा लसणाच्या पाकळ्या, बोटभर आलें व मूठभर कोथिंबीर यांचें वाटण, दोन चमचे लाल तिखट, बेताचें मीठ व थोडा काळा मसाला लावून अर्धा तास झांकून ठेवावे. ज्वारीचें पीठ तीन भाग, रवा एक भाग असें मिश्रण ताटांत पसरावें. ज्वारीच्या पिठांत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून त्याचें आवरण चामट न होतां खुसखुशीत होतें; पण त्याच कारणानें तें सुटूं पाहतें, यास्तव तुकडे ओलसर असतांनाच पिठांत दाबून घोळावे आणि पांच मिनिटें तसेच ठेवावे. कढईंत शेंगतेल तापवावें. पिठाची चिमूट टाकतांच ती लगेच वर आली म्हणजे तेल झालें असें समजावें. एका वेळीं पांच-सहाच तुकडे सोडावे. गर्दी केली तर तेल निवतें, माशांतल्या पाण्याची वाफ जोरानें बाहेर पडत नाहीं, आणि तिच्या जागीं तेल आंत शिरतें. तीन-चार मिनिटांत बुडबुडे मंदावतात. पाणी संपत आल्याची ती खूण. तांबूस रंग येतांच काढून जाळीवर ठेवावे. कागदावर ठेवल्यास खालची बाजू घामेजते. हें तेल पुन्हां तळणाला वापरूं नये.

सुकटीचीं भजीं करावयाचीं असल्यास दोन मुठी सुकट चाळून, कोरडी भाजून, खर काढून, कोमट पाण्यांत दोनदां धुवावी व पिळून घ्यावी. दोन उभे चिरलेले कांदे, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि मावेल तितकेंच बेसन घालावें. कांद्याला सुटणारें पाणीच पुरतें. मीठ चाखून घालावें, कारण सुकट आपला खारटपणा बरोबर घेऊन येते. दोन्ही पदार्थ एका बशींत मांडले तर घाटावरून आलेला मासा आणि धरणांतून आलेला मासा शेजारीं बसतात. अर्ध्या तासांत दोन्ही संपतात.

आतां आपल्या पांच प्रश्नांचीं उत्तरें जमलीं. मिरची अमेरिकेची, शेंग अमेरिकेची, ज्वारी आफ्रिकेची, मासा आफ्रिकेचा. येथला आहे तो हात. चिंच लावणारा, पीठ घोळणारा, तेलाची वेळ ओळखणारा हात. एखादा पदार्थ आपला होतो तो त्यांतल्या जिनसा येथें उगवल्या म्हणून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या एका विशिष्ट रीतीनें हाताळल्या म्हणून. ज्वारी जशी आपली झाली तशी चिलापीहि होऊन राहिली आहे, आणि बशी पुढें करणारी तिला ‘आमच्याकडची’ म्हणते तें मुळींच खोटें नाहीं.

परंतु हिशोबाची दुसरी बाजू वाचल्यावांचून वही मिटतां येत नाहीं. ज्वारी आली तेव्हां तिनें नदी रिकामी केली नाहीं. चिलापीचें तसें नाहीं. साईक्सनें ज्याचें मराठी नांव जगाला दिलें तो नुक्ता आज आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघटनेच्या धोक्यांतील जातींच्या यादींत आहे. याचा सारा दोष एकट्या चिलापीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. वाहत्या पाण्याचा मासा बांधलेल्या पाण्यांत जगत नाहीं. वरच्या शहरांचें मैलापाणी मुळा-मुठेंतून भीमेंत उतरतें. बारीक भोंकांचीं जाळीं पिलांनाहि सोडीत नाहींत. चिवट पाहुणा टिकला, नाजूक घरधनी टिकला नाहीं, एवढाच याचा अर्थ. ज्या पाण्यांत चिलापीच तेवढी सुखानें वाढते, तें पाणी आपण कसें ठेविलें आहे याची ती साक्षच देते.

मग खाणें सोडावें काय? तसें मीं म्हणत नाहीं. उलट, जो मासा मुबलक आहे तोच खावा, विणीच्या हंगामांत नदीच्या माशाला हात लावूं नये, आणि बाजारांत पिलूं दिसल्यास तें घेऊं नये. कारण गिऱ्हाईक नसलें म्हणजे बारीक जाळें आपोआप घरीं राहतें. याखेरीज आणखी एक गोष्ट करतां येण्याजोगी आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. बशी पुढें आल्यावर मुलें विचारतात, हा कोणता मासा? त्यांना चिलापी हें नांव जरूर सांगावें, तो कोठून आला हेंहि सांगावें. आणि त्याबरोबरच नुक्ता, कोळस, मसळा, रोहटी हींहि नांवें सांगावीं. तीं त्याच भीमेचीं आहेत, आणि मराठी आहेत. मासा पाण्यांत परत आणणें एका घराच्या हातीं नाहीं. त्याचें नांव त्या घरांत जिवंत ठेवणें मात्र आहे, आणि ज्याचें नांव ठाऊक असतें त्याची चौकशी कोणीतरी केव्हां तरी करतोच.